उपचार सुरू आहेत

"मॅडम, ती बाई मग बरी झाली का हो?"

चिन्मयीनं हे इतक्या सहज विचारलं, की ताराचा वांग्याच्या भाजीत बुडवलेला पोळीचा तुकडा भाजीतच राहिला. दोघी रेकॉर्ड रूममधल्या लांब टेबलाशी डबा खात होत्या. चिन्मयी म्हणजे हिशेब तपासायला आलेल्या पथकातली सगळ्यात धाकटी, सव्वीस-सत्तावीसची, अमरावतीकडची. पथकातले दोघे पुरुष दुपारी तर्री-पोह्याच्या शोधात बाहेर पडले, की ती आपला डबा घेऊन ताराजवळ यायची, कारण अख्ख्या कार्यालयात बायका दोनच आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. "कोणती बाई?" तारानं विचारलं, कळलं होतं तरी. "ती हो, टिपणीतली. चौकात पडलेली. नऊ वर्षांच्या फाइली पाहून राहिली मी, दर एप्रिलमध्ये पडते बिचारी. वय साठच्या वर सरकत नाही. करोनात सगळं गाव घरात कोंडलेलं, कुत्रं नव्हतं रस्त्यावर, तेव्हाही ही भर दुपारी चौकात येऊन पडली. एवढी पडते, तर मध्ये कधी उठली की नाही?" पोरगी हसली. हसण्यात कुजकेपणा नव्हता, लोणच्याची फोड मागावी तसं तिनं विचारलं होतं. मग तिनं फाइलखालून एक कागद काढून ताराकडे सरकवला. पान उभं दुमडलेलं, डाव्या अर्ध्यात प्रश्न, उजवा अर्धा उत्तरासाठी कोरा. तपासणीवाले असंच विचारतात. डावीकडे लिहिलं होतं: सदर महिलेचे नाव व उपचाराची कागदपत्रे आज सायंकाळी पाचपर्यंत सादर करावीत. "सर म्हणाले देऊन ये. जेवण झाल्यावर देणार होते मी," चिन्मयी ओशाळून म्हणाली. ताराला त्या कागदाचा डावा भाग दिसतच नव्हता. तिला उजवा दिसत होता. नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखा कोरा, हात लावला तर बोटं उमटतील असा.

तारा खोंडे जिथं बावीस वर्षं लिपिक होती, त्या कार्यालयाचं काम म्हणजे शहराला उन्हापासून वाचवणं. सिग्नलवर हिरव्या जाळ्या ताणायच्या, पाणपोया उभ्या करायच्या, बेघरांच्या निवाऱ्यात कूलर बसवायचे. नागपुरात ऊन कधी येतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. होळीची राख थंड व्हायच्या आत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या ताट्यांचे हातगाडे गल्लोगल्ली फिरू लागतात. पण कार्यालयात मात्र उन्हाळा दर वर्षी अचानक येतो. डिसेंबरात निविदा काढायची आठवण कोणाला होत नाही. ज्याला होते, त्याला गप्प बसायचंही आठवतं. मग एप्रिल उजाडला की एकच धावपळ: निविदेला वेळ नाही, माणसं मरतील, सबब तातडीची बाब म्हणून थेट खरेदी. आणि थेट खरेदी थेट सुशीलभाऊ ठेकेदाराकडेच जाते, पाण्याला उतार सांगावा लागत नाही तशी. अशा खरेदीला एक टिपणी लागते. ती साहेब लिहीत नाहीत. ती खालचा माणूस लिहितो आणि मग ती एकेक टेबल वर चढते, प्रत्येक टेबलावर कोणीतरी 'सहमत' लिहून सही करतं. म्हणजे उद्या बोट ठेवायची वेळ आलीच, तर वरपासून खालपर्यंत सगळे नुसते सहमत झालेले असतात. म्हणालेली एकटी तारा. आणि ती काय म्हणाली होती, तर: काल दुपारी मुख्य चौकात एक अंदाजे साठ वर्षीय महिला उन्हाच्या तीव्रतेने कोसळली असून तिच्यावर उपचार सुरू आहेत. मागच्या वर्षीची टिपणी उघडायची, तारीख बदलायची, छापायची, एवढंच काम. पाच मिनिटांचं. ताराला त्याला नेहमी अर्धा तास लागायचा.

डबा अर्धवट बंद करून ती पुष्कर साहेबांच्या केबिनकडे निघाली. बाहेर स्टुलावर केशव बसला होता, कार्यालयातला सगळ्यात जुना शिपाई, निवृत्तीला तीन महिने उरलेला. त्यानं तिच्या हातातला दुमडलेला कागद पाहिला आणि डोळे खाली केले. साहेबांना सगळं आधीच कळलेलं होतं. पुष्कर साहेब ताराहून चौदा वर्षांनी लहान, महाल भागातल्या जुन्या कारकुनी घराण्यातला मुलगा, बोलायला गोड, आणि तिला ताई म्हणायचा ते मनापासून. "बसा ताई. पाणी घ्या. यात घाबरण्यासारखं काय आहे? या शहरात उन्हानं बाई पडलीच नाही, असं आहे का? शंभर पडल्या असतील. त्यातली एक आपण दाखवायची. सुशीलभाऊंना फोन झालाय, ते आणतात चारपर्यंत. आधार कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, सगळ्यासकट." म्हणजे बाईसुद्धा निविदेशिवायच, ताराच्या मनात आलं आणि हसू येतंय की काय याची तिला भीती वाटली. "अन् बाकीच्या वर्षांचं, सर?" "बाकी वर्षं म्हणजे लिपिकीय चूक. कॉपी-पेस्टमध्ये राहून गेलं वाक्य. लिपिकीय चुकीला कोणी फाशी देत नाही." "लिपिक मी आहे, सर." "म्हणूनच तर बोलतोय. एखादी ताकीद येईल, फार तर. दुसरं काही लिहून बसाल, तर पाच वर्षं राहिली आहेत तुमची, ताई, पेन्शन अडकेल. मी तुमचं वाईट चिंतीन का?" त्याच्या आवाजात काळजी होती आणि ती खरीही होती, हीच तर पंचाईत. खोटारड्या माणसावर निदान चिडता येतं. "ती बाई मुळात कोण होती हो?" ती उठली तेव्हा त्यानं सहज विचारलं. "मी यायच्या आधीपासूनच आहे ना ती?" "हो," तारा म्हणाली, "आधीपासून."

तिला बसवेना. टेबलाशी आली, उठली, पाण्याची बाटली भरली, परत ठेवली. मग पर्स उचलून खाली उतरली, स्कार्फनं तोंड-डोकं गुंडाळलं, हातमोजे चढवले आणि स्कूटी काढली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. सव्वादोनचं ऊन डांबरावर पातळ पाण्यासारखं हलत होतं. सदर भागातल्या सिग्नलला ती जाळीखाली थांबली. दहा दिवसांपूर्वी बांधलेली ही जाळी, तिच्याच मागच्या टिपणीतून आलेली, आणि आताच मधोमध फाटून एक फडकं लोंबत होतं. फाटक्या जागेतून उन्हाचा एक तुकडा नेमका तिच्या उजव्या मनगटावर पडला, मोजा आणि बाही यांच्यामधल्या उघड्या पट्टीवर. तिनं हात मागे घेतला नाही. एकशे वीस सेकंदांचे आकडे उलटे उतरत होते, आणि बाजूच्या मोटरसायकलवरची दोघं बोलत होती, "काहून गा, ही जाळी लावते कोण?" "लावते कोणी बी. फाडते हवा." मनगट चुरचुरायला लागलं. हिरवा दिवा लागला तेव्हा तिला सरळ जाऊन परत वळायचं होतं, पण स्कूटी कामठी रोडला लागली होती. नऊ वर्षांत ती या रस्त्यानं कामठीपर्यंत एकदाही गेली नव्हती. रामटेकला माहेरी जायचं तर आता उरलं कोण होतं, आणि लग्नकार्यांना ती काहीतरी निमित्त काढून लांबून जाणारी बस धरायची.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी आई रामटेकहून निघून कामठीला उतरली होती, मावशीकडे. मावशीचे यंत्रमाग दिवसभर खडखडत, त्यामुळे आईनं फोनवर बोलायला अंगण गाठलं असावं. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. "शेअर ऑटोत कोंबून बसू नको," तारा म्हणाली होती, "दम लागतो तुले. मी येतो गाडी घेऊन. बसथांब्यावर उभी राहा." "किती वेळानं वं?" "अर्ध्या तासात." "ये मंग. थांबीन मी. मले कायची घाई." आईशी बोलताना ताराची भाषा आपोआप गावाकडे जायची आणि फोन ठेवला की परत टेबलाशी यायची. फोन ठेवला, तेवढ्यात तेव्हाचे साहेब मधुकरराव यांनी तिची टिपणी परत पाठवली. समासात पेन्सिलनं लिहिलेलं: कारण पातळ आहे. नुसत्या तापमानावर वरचे ऐकत नाहीत, एखादी घटना टाका. ती घटना शोधत बसली. जुने पेपर चाळले, दोन दवाखान्यांना फोन केले, कोणी धड सांगेना. अर्ध्या तासाचे सव्वादोन तास झाले. एकदा वाटलं, आईला फोन करून ऑटोत बस म्हणावं. मग वाटलं, आता निघतेच आहे. त्या थांब्याला छप्पर नव्हतं. आई कशी थांबून राहिली, हे तिला नंतर तिथल्या पानठेलेवाल्यानं सांगितलं, सांगायची गरज नव्हती तरी: "चार-पाच ऑटोवाले इचारून गेले आजीले. मीबी म्हटलं, बस ना माय. तं म्हणे, नाही गा, पोरगी येऊन राहिली माही." ताराचं बोलणं आईनं आयुष्यात फारसं मानलं नव्हतं. शीक म्हटलं तरी अक्षर गिरवलं नाही, चप्पल घाल म्हटलं तर पिशवीत घालून चालायची. तेवढं एक त्या दिवशी मानलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात केशव आला. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत फाइल. शहाळं त्यानं बाकावर ठेवलं, फाइल काढायला मात्र वेळ लावला. "मले लाज वाटून राहिली, मॅडम. पण मधुकरराव साहेब आयकतच नाही. म्हणते, येवढं एक वाक्य लिहून आण, फाइल आजच वर गेली पाहिजे." तारानं फाइल गुडघ्यावर घेतली. काचेपलीकडे आई होती, नाकात नळी, कपाळावर ओला पंचा. आणि तारानं लिहिलं. लिहिताना हात अडखळला नाही, हे तिला पुढं कधी कोणाला सांगता आलं नाही, नवऱ्यालाही नाही. कामठी शहराच्या हद्दीत येत नाही, म्हणून तिनं आईला उचलून मुख्य चौकात आणलं. अडुसष्टची म्हातारी एकटी उन्हात सोडली कशी, असं कोणी विचारू नये म्हणून आठ वर्षं काढून घेतली. आणि उपचार सुरू आहेत असं लिहिलं, कारण ते खरं होतं. पुढच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत खरं होतं. नर्सनं नंतर एका पारदर्शक पिशवीत आईच्या बांगड्या दिल्या, आणि पदराच्या गाठीत सापडलेला एक कांदा. उन्हाची लू लागू नये म्हणून घराबाहेर पडताना सोबत ठेवतात तो. पांढरा, चांगला निवडून घेतलेला.

ऑटोमोटिव्ह चौक ओलांडल्यावर तिनं स्कूटी कडेला घेतली. इथून पुढं हद्द संपत आली. रस्त्याच्या कडेला लोखंडी सांगाडा उभा होता. त्यावर जाळी असायला हवी होती, कागदावर होतीच. सांगाड्याशेजारी विजेचा खांब, आणि त्या खांबाच्या हातभर रुंद सावलीत एक बाई बसची वाट पाहत उभी होती. पोटाशी पिशवी धरून, खांदे आवळून. बस येत नव्हती. ऊन सरकलं तशी खांबाची सावली सरकली आणि बाईही एक पाऊल सरकली, इतक्या सवयीनं, जणू दोघींचं ठरलेलं होतं. तारा बघत राहिली. पहिल्या वर्षीचं तिला कळत होतं. त्या वर्षी ती शुद्धीत नव्हती म्हणता आलं असतं. पण पुढच्या एप्रिलमध्ये? तेव्हा ती टिपणी संगणकावर उतरवत होती, आणि त्या वाक्याशी येऊन थांबली होती, मागून केशव चहा ठेवून गेला होता, चहावर साय धरली होती. खोडायला एक बटण पुरलं असतं. तिनं तारीख तेवढी बदलली. कारण तिथं, त्या एका ओळीत, आई अजून वारलेली नव्हती. कुठल्याशा दवाखान्यात, कुठल्याशा खाटेवर, तिच्यावर उपचार सुरू होते आणि ती बरी व्हायची होती. तेरवी होऊन, वर्षश्राद्ध होऊन, मामांनी जमिनीच्या कागदावर तिच्या नावापुढं मयत लिहून घेतलं होतं. जगात ती जिवंत असलेली ही एवढीच जागा उरली होती, आणि तिच्यावर चार साहेब दर वर्षी सहमत होत होते. तारा वाट बघायची एप्रिलची. लोकांनी सुशीलभाऊकडून पाकिटं घेतली असतील, गाड्यांच्या किल्ल्या घेतल्या असतील. तिच्या टेबलावर दिवाळीला आलेला सुक्या मेव्याचा डबा ती केशवला देऊन टाकायची आणि स्वतःला स्वच्छ समजायची. आता या खांबापाशी तिला दिसलं, की सगळ्यांत मोठी लाच तिनंच घेतली होती, आणि तीच फक्त कुठल्या कायद्यात बसत नव्हती. त्या जाळ्या, ते नुसते डबे असलेले कूलर, हा उघडा सांगाडा, सगळं तिच्या आईच्या खाटेला टेकून उभं होतं. बस आली. बाई चढली. खांबाची सावली रिकामी झाली.

कार्यालयात परतली तेव्हा चार वाजून गेले होते. साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, नवं कोरं लुगडं, घडीच्या रेघा तशाच, पायात मात्र झिजलेली स्लीपर. केशव तिला पाणी देत होता आणि ताराकडे बघत नव्हता. तारा बाजूला बसली. "तुमीच का बाई तारा मॅडम?" म्हातारीनं आवाज बारीक केला. "मी कुठं पडली ते एकडाव सांगून द्या ना. भाऊनं सांगतलं गाडीत, पण माहं ध्यान नाही राहिलं, थंड हवा होती ना गाडीत. कोणी इचारलं तं मले नीट सांगता आलं पाहिजे." तारानं पर्स मांडीवर घेतली. "डोक्शावर पडली का कुशीवर?" "कुशीवर," ताराच्या तोंडून गेलं, "उजव्या." "हां, उजव्या." म्हातारीनं उजव्या खांद्यावरून हात फिरवला, दुखतंय का बघावं तसा. ती हे काम नीट करणार होती, घेतलेलं काम नीट करायची सवय होती तिला, हे तिच्या हातांवरून दिसत होतं. "अन् घरचं कोणी आलं का मंग मले घ्याले?" तारानं तिच्याकडे पाहिलं. चार-दोन पांढरे केस, कपाळावरचं गोंदण, ओठाला पाण्याचा थेंब. उद्यापासून फाइलमधल्या खाटेवर ही झोपणार होती. हिचं नाव लागणार, हिचा अंगठा, हिची चिठ्ठी. आणि ही तर बरी होती, ठणठणीत. "आली," तारा म्हणाली. "मुलगी आली. पण उशिरा आली." "उन्हाचं होते तसं," म्हातारी समजुतीनं म्हणाली. "तिचा बी काय दोष." तारानं तिचं नाव विचारलं नाही. नाव कळलं असतं, तर ते लिहिता आलं असतं. "तुम्ही घरी जा, माय," ती म्हणाली. "काही काम नाही उरलं." "मंग भाऊ काही म्हणन ना?" "म्हणू द्या. माझ्यावर ढकला." म्हातारी घुटमळली, लुगड्याची निरी हातात धरून. "हे लुगडं परत द्या लागते का?" "नाही. ते तुमचंच." केशवनं मान वर केली, पहिल्यांदा. मग म्हातारीला म्हणाला, "चाला आजी. ऑटोत बसवून देतो तुमाले. जाळी-बिळीखाली उभ्या नका राहू, सिध्या घरी जा."

तारानं टेबलाशी बसून कागद उलगडला. संगणक चालू केला नाही. नऊ वर्षांपूर्वी हे वाक्य हातानं लिहिलं होतं, ते हातानंच मोडायला हवं होतं, असं काही तिनं ठरवलं नव्हतं. पेन हाताशी होतं एवढंच. पुष्कर साहेब दारात येऊन उभे राहिले. "बाईला का पाठवलं, ताई?" "उन्हाची तीव्रता आहे, सर." "ताई, विचार करा." "केला, सर." त्याला आणखी बोलायचं होतं, पण त्याचा फोन वाजला, सुशीलभाऊचाच असावा, आणि तो आत गेला. कोऱ्या अर्ध्यात ती लिहू लागली. सदर महिलेचे नाव प्रयागबाई बाबाराव गावंडे, राहणार रामटेक. वय अंदाजे नव्हे, पूर्ण अडुसष्ट. ठिकाण मुख्य चौक नव्हे, कामठी बसथांबा, शहर हद्दीबाहेर. इथं ती थांबली. कूलरची घरघर ऐकू येत होती. उजवं मनगट अजून चुरचुरत होतं, तिथं उन्हाच्या तुकड्याएवढी लाल पट्टी उठली होती. पुढचं वाक्य लिहिलं की आई जाणार होती, या वेळी मात्र तिच्याच हातून, शुद्धीत, साडेचार ते पाचच्या दरम्यान. तिला अचानक त्या कांद्याची आठवण झाली. तो तिनं फेकला नव्हता, कुंडीत रोवला होता. एक हिरवी पात आली आणि जूनमध्ये वाळून गेली, आणि वाळली तेव्हा तिला फार काही वाटलं नव्हतं. तिनं लिहिलं: सदर महिला नऊ वर्षांपूर्वी एकदाच पडली व तिसऱ्या दिवशी मयत झाली. त्यानंतर ती कोठेही पडलेली नाही. पुढील सर्व वर्षांतील मजकूर मी जाणून तसाच ठेवला. ही लिपिकीय चूक नाही. खाली सही केली, तारीख घातली, या वर्षाची, खरी. 'सहमत'साठी जागा सोडली नाही.

कागद कुठल्याच टेबलावरून वर गेला नाही. तो घेऊन ती सरळ रेकॉर्ड रूममध्ये गेली. पथकातले दोघे पुरुष कपाटाशी होते, चिन्मयी एकटी टेबलाशी, पेन्सिल तोंडात धरून बेरीज करत. तारानं कागद तिच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. पोरगी वाचू लागली. तिची नजर दुसऱ्या ओळीवर, तिसऱ्या ओळीवर गेली, रामटेकवर परत आली, मग ताराच्या चेहऱ्यावर. पेन्सिल तिनं हळूच खाली ठेवली. "मॅडम, ह्या तुमच्या...?"

"दुपारी तू विचारलं होतं ना मले," तारा म्हणाली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच या टेबलाशी तिच्या तोंडी आईची भाषा आली. "नाही वं, पोरी. नाही झाली बरी."